नावं झाकलेले आलेख

अतिदक्षता विभागात तिला तोंडावर सगळे डॉक्टर मॅडम म्हणत आणि पाठ वळली की ज्योतिषीण. तिला ते माहीत होतं. एकदा चहाच्या खोलीत शिरता शिरता तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, "ज्योतिषीणबाईंना विचार की, माझी बढती कधी होईल ते!" ती आत गेली, कपात चहा ओतला आणि शांतपणे म्हणाली, "तुझं रक्त दे, सांगते." हशा पिकला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

नाव पडायला कारणही तसंच होतं. काही वर्षांपूर्वी एक रंगारी या विभागातून बरा होऊन हसत हसत साध्या वॉर्डात गेला आणि तिकडे बघता बघता हातचा गेला. चूक कुणाचीच नव्हती. ताप नव्हता, नाडी ठीक, रक्तदाब ठीक. मागाहून तिने त्याचे रक्ताचे रिपोर्ट एकाशेजारी एक मांडले तेव्हा मात्र ती चरकली. माणूस हसत होता, पण त्याचं रक्त आधीपासून बोंब मारत होतं. कुणाला ऐकू आली नव्हती, एवढंच.

तेव्हापासून तिने ध्यास घेतला. रक्तातल्या पांढऱ्या पेशींत दोन जमाती मोठ्या. न्यूट्रोफिल म्हणजे हाक ऐकली की दांडकं घेऊन धावत सुटणाऱ्या, आणि लिम्फोसाइट म्हणजे शत्रू ओळखून, डोकं शांत ठेवून लढणाऱ्या. अंगात जंतूंनी धुमाकूळ घातला की पहिल्या वाढतात, दुसऱ्या घटतात. त्या दोघींचं गुणोत्तर, आणि दाह झाला की रक्तात वाढणारी सीआरपी आणि प्रोकॅल्सिटोनिन ही दोन द्रव्यं, अशा तिघांची चाल ती प्रत्येक रुग्णासाठी रोज आलेखावर काढायची. कोण सावरतोय आणि कोण घसरतोय, हे चेहऱ्यावर दिसण्याआधी या रेषांत दिसतं, असं तिचं म्हणणं होतं.

विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, त्यांना हे फारसं रुचत नसे. माणूस दिलदार आणि हात सोन्यासारखा. रुग्णाच्या पोटावर नुसता तळवा ठेवून ते जे सांगत, ते दहातल्या नऊ वेळा खरं निघे. "मॅडम," ते म्हणत, "मी माणसावर उपचार करतो, कागदावर नाही. तुमचे आलेख छान आहेत. चौकटीत घालून भिंतीवर लावा."

असं सगळं चाललेलं असताना तिची नणंदच तिच्या विभागात येऊन पडली.

नणंद शहरात बस चालवायची. उंच, दणकट, आवाज असा की भोंग्याची गरजच पडू नये. आई गेली तेव्हा धाकटा भाऊ अजून शाळेत होता. त्याला तिने वाढवलं, शिकवलं, गणिताचा शिक्षक केलं, आणि या सगळ्यात स्वतःचं लग्न राहून गेलं तर "बरंच झालं, एकालाच ओरडून घसा बसलाय" म्हणून मोकळी झाली. भावाने लग्नासाठी डॉक्टर मुलगी घरी आणली, तेव्हा ताईंनी तिला एकच प्रश्न विचारला होता, "चढावर गाडी थांबवून परत चढवता येते का?" येत नव्हती. ताईंनी लग्नाआधी ती शिकवली.

पोट दुखतंय म्हणून बस अर्ध्या वाटेत सोडणाऱ्यांतली ही बाई नव्हतीच. दुखणं अंगावर काढत तिने फेरी पुरी केली, बस आगारात जागच्या जागी लावली, हँडब्रेक ओढला आणि मग स्टिअरिंगवर डोकं टेकून जी कलंडली ती थेट शस्त्रक्रियेच्या टेबलावर बेशुद्धच पोचली. अपेंडिक्स फुटून पोटभर पू झाला होता. शल्यविशारदांनी पोट उघडून धुतलं. रक्तदाब हातात येईना, लघवी जवळजवळ थांबली, श्वासासाठी यंत्र लावावं लागलं.

मोठ्या सरांनी तिला बाजूला घेतलं. "ताईंकडे मी बघतो. तुम्ही इथे फक्त नातेवाईक. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली. त्यांच्या जागी तीही हेच म्हणाली असती.

बाहेरच्या व्हरांड्यात नवरा भिंतीला टेकून उभा होता. शर्टाच्या बाहीवर शाळेतला खडू तसाच.

"खरं सांग," तो म्हणाला. "तुझा आकडा काय म्हणतो?"

किती घरच्यांना तिने या जागी उभं राहून उत्तरं दिली होती! आज मात्र खोटं बोलावंसं वाटलं. पण या माणसाशी ती कधी खोटं बोलली नव्हती.

"वाईट आहे."

"किती?"

"इतक्या वर गेलेले फार थोडे घरी जातात." मग घाईघाईने म्हणाली, "पण ऐक. आजचा आकडा म्हणजे नुसता एक बिंदू आहे. मरणारे आणि जगणारे, दोघांचेही पहिले आकडे वाईट असतात रे. फरक पडतो तो पुढे. रेषा उतरते की नाही त्यात."

त्याने मान हलवली. "एका बिंदूतून हव्या तितक्या रेषा जातात," तो वर्गात सांगावं तसं म्हणाला आणि तोंडावर हात दाबून खाली बसला.

पुढचा बिंदू पडला तो किंचित खाली. त्यापुढचा आणखी खाली. रक्तदाबाचं औषध उतरत गेलं, लघवी सुरू झाली, आणि एका सकाळी श्वासाची नळी निघाली. ताईंनी घसा खाकरला, आजूबाजूला पाहिलं आणि घोगऱ्या आवाजात पहिला प्रश्न केला, "माझी बस कुणी हलवली तर नाही ना? तिचा क्लच मी सोडून कुणाला झेपत नाही."

नवऱ्याच्या आनंदाला पारावार राहिला नाही. तो सफाई कामगारांपासून शल्यविशारदांपर्यंत दिसेल त्याला चहा पाजत सुटला. ताई खाटेवर बसू लागल्या, परिचारिकांना हुकूम सोडू लागल्या, शेजारच्या खाटेवरच्या क्रेनचालकाशी कुणाचं वाहन जास्त अवघड यावरून हुज्जत घालू लागल्या. विभागात सगळे म्हणाले, चला, ही बाई जिंकली.

ज्योतिषिणीचा जीव मात्र भांड्यात पडला नव्हता.

सीआरपी शस्त्रक्रियेनंतर चढते आणि मग उतरते. ताईंची उतरता उतरता थांबली आणि पुन्हा वर वळली. प्रोकॅल्सिटोनिन निम्म्याचं निम्मं होत जायला हवं होतं, ते थबकलं आणि जरासं वर सरकलं. लिम्फोसाइट तर तळातून वर यायला तयारच नव्हत्या. एकेकटा आकडा घेतला तर कुणी दुसऱ्यांदा पाहिलंही नसतं. तिन्ही एकत्र पाहिल्यावर तिला तो रंगारी आठवला.

त्याच दिवशी दुपारी मोठ्या सरांनी जाहीर केलं, "उद्या ताईंना वॉर्डात हलवू. खाट हवी आहे."

"सर, आधी पोटाचा स्कॅन करावा असं मला वाटतं. आत कुठेतरी पू साठतोय."

"सोनोग्राफी झाली की."

"आतड्यांत वारा भरलाय. त्यामागचं काही दिसलंच नाही, असं रिपोर्टमध्येच लिहिलंय."

"ताप आहे? नाही."

"दुखण्यासाठी तिन्ही त्रिकाळ पॅरासिटामॉल चाललंय सर. ताप येणार कुठून?"

"ताईंना स्टेरॉइड दिलं होतं. त्याने गुणोत्तर वाढतं, हे तुम्हीच मला शिकवलंत."

"स्टेरॉइड बंद होऊनही ते खाली येत नाहीये. आणि त्याने प्रोकॅल्सिटोनिन वाढत नाही."

मोठे सर खुर्चीत मागे रेलले. त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच त्यांचं बोलणं टाळता येत नव्हतं. "स्कॅनला रंगद्रव्य टोचावं लागेल. किडनी आत्ता कुठे डोकं वर काढतेय. ती पुन्हा बसली तर डायलिसिस. आतमध्ये काही निघालं नाही, तर आपण बऱ्या होत असलेल्या बाईचं नुकसान केलं. हे समजतंय ना तुम्हाला?" मग जरा थांबून म्हणाले, "मॅडम, तुम्ही हे डॉक्टर म्हणून बोलताय की वहिनी म्हणून?"

प्रश्न वर्मी लागला, कारण उत्तर तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. ती उठून बेसिनपाशी गेली, तोंडावर गार पाण्याचे हबके मारले आणि आरशात स्वतःकडे बघत राहिली. ती नातेवाईक होती हे खरंच. आपल्या माणसासाठी काळीज धडधडायला लागलं की दोरीही साप दिसते. पण कधीकधी साप खरा असतो. मग ओळखायचं कसं? ताईंच्या जागी कुणी परका असता तर आपण काय केलं असतं?

तसं पाहता हे तपासता येण्याजोगं होतं. ती ताठ झाली, चेहरा पुसला आणि मुख्य परिचारिकेकडे गेली.

"सिस्टर, आज विभागात आहेत त्या सगळ्यांचे आलेख छापून घ्या. नाव, वय, खाट, सगळ्यावर चिकटपट्टी लावा. आणि पत्त्यांसारखे पिसा."

सिस्टर हसल्या. "मॅडम, आता पत्तेही?"

"पिसा तर खरं."

ती तो गठ्ठा घेऊन मोठ्या सरांसमोर उभी राहिली. "सर, तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर मला देता येत नाही. म्हणून तुम्हीच द्या. यातला एक आलेख ताईंचा आहे. तो कोणता ते शोधू नका. फक्त एवढं सांगा, हे सगळे अनोळखी असते तर आज तुम्ही कुणाकडे आधी धावला असता? आणि मी बाहेर थांबते. माझा चेहरा वाचायला तुम्हाला फार वेळ लागत नाही."

मोठ्या सरांच्या मिशीत काहीतरी हललं. पैज आणि न्याय, या दोन गोष्टींपुढे त्यांचं कधी चालत नसे. त्यांनी चष्मा चढवला.

काचेपलीकडून ती बघत होती. आवाज येत नव्हता, नुसती मान दिसत होती. एक कागद पाहिला, पालथा ठेवला. दुसरा पाहिला, पालथा. तिसऱ्यावर बोट फिरवलं आणि तोही पालथा. तो ताईंचा असला तर? आपण इतकी वर्षं नुसतीच बोटं मोजत बसलो असलो तर? मग त्यांनी एक कागद उचलून उजेडाकडे धरला, बराच वेळ धरून ठेवला आणि वेगळा ठेवला. शेवटी आणखी एक. मग दारातून हाक आली.

"हे दोन," मोठे सर म्हणाले. त्यांचा आवाज राउंडवर असतो तसा कोरडा झाला होता. "बाकीच्यांना सोडा. या दोघांच्या आत काहीतरी शिजतंय. चेहरे कितीही हसरे असोत, मी यांना माझ्या नजरेआड करणार नाही. कोण आहेत हे?"

सिस्टरनी पहिली पट्टी नखाने उचलली. खाली क्रेनचालकाचं नाव निघालं. दुसरी पट्टी निघेना, कागद फाटता फाटता कशीबशी सुटली. सिस्टर म्हणाल्या, "अगंबाई," आणि कागद सरांपुढे ठेवला.

ताईंचा होता.

मोठ्या सरांनी चष्मा काढला, काच पुसली, पुन्हा घातला. "हं," ते म्हणाले. मग उभे राहून त्यांनी एकदम हुकूमच सोडले. "किडनीसाठी सलाइन चालू करा. रंगद्रव्य कमीत कमी. स्कॅनला फोन लावा, आणि उद्या म्हणाले तर मला द्या. आणि त्या क्रेनवाल्याच्या गळ्याच्या शिरेतली औषधाची नळी किती जुनी आहे ते बघा."

ताईंना सांगायला तिलाच पाठवलं. ताई उशीला टेकून केस विंचरत होत्या.

"आता कशाला गं ते? मला बरं वाटतंय की. उद्या वॉर्डात जायचंय."

"ताई, इंजिनातल्या तेलाचा लाल दिवा लागलाय आणि बस मात्र झकास पळतेय. तुम्ही काय करता?"

"बाजूला घेते."

"प्रवासी ओरडले तरी?"

"ओरडेनात का! इंजिन त्यांच्या बापाचं आहे का?" आणि मग फणी हातातच राहिली. ताईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. पूर्वी गाडी शिकवताना घाटात पाहायच्या तसंच. "दिवा खरंच लागलाय?"

"लागलाय."

"मग घे बाई बाजूला. विचारतेस काय?"

स्कॅन झाला. यकृताच्या डोक्यावर, श्वासपटलाच्या खाली, कुणाच्या हाताला लागणार नाही आणि सोनोग्राफीलाही दिसणार नाही अशा सांदीत पुवाचा कप्पा दडून बसला होता. वॉर्डात गेल्यावर तो फुटला असता तर काय झालं असतं, हे बोलून दाखवायची कुणाला गरज वाटली नाही. क्ष-किरणवाल्या डॉक्टरांनी स्कॅनच्या आधाराने बरगडीखालून सुई घातली, तिच्यामागून बारीक नळी सरकवली, आणि पिशवीत घाण, हिरवट पू भळभळा उतरू लागला. मोठे सर शेजारी उभे राहून बघत होते.

"आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी," ते पुटपुटले. "आणि मी बंबवाल्यांना घरी पाठवत होतो."

किडनीने दुसऱ्या दिवशी थोडी कुरकुर केली. आकडा चढला, सगळ्यांचे चेहरे उतरले. पण ती कुरकुर तेवढ्यावर थांबली आणि मग किडनी मुकाट्याने कामाला लागली. इकडे क्रेनचालकाच्या गळ्यातली नळी काढून तपासली, तर तिच्यावर जंतूंनी घरच केलं होतं. ती बदलली, औषध बदललं. तो गडी बेसावध झोपलेला असतानाच वाचला म्हणायचा.

आणि मग ती सकाळ आली. प्रयोगशाळेतून रिपोर्ट आले. तिने एकेक आकडा भरला. सीआरपी धाडकन खाली. प्रोकॅल्सिटोनिन निम्म्याहून कमी. आणि लिम्फोसाइट, त्या हट्टी, घरातून बाहेर न पडणाऱ्या लिम्फोसाइट, रांगेने वर आल्या होत्या. तिने बटण दाबलं. पडद्यावर रेषा उतरली, घाटाचा शेवटचा उतार उतरून गाडी मैदानात यावी तशी. तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि एक लांब श्वास सोडला. इतक्या दिवसांचा कोंडलेला.

नवऱ्याला फोन लावला. तो वर्गात होता, एरवी फोन उचलत नसे.

"उतरली," ती म्हणाली.

"काय?"

"रेषा. तिन्ही. सरळ खाली."

पलीकडे खुर्ची पडल्याचा आवाज आला आणि मग तिचा तो सभ्य, खडू जपून वापरणारा नवरा असा काही ओरडला की तिने फोन कानापासून लांब धरला. "माझी ताई वाचली!" पाठोपाठ सगळ्या वर्गाचा गलका, बाकांवर थापा, टाळ्या. कुणीतरी पोर विचारत होतं, "सर, मग आज चाचणी नाही ना?" आणि तो म्हणत होता, "नाही! आज कसलीही चाचणी नाही!"

आठवड्याच्या बैठकीत मोठे सर नेहमीसारखे शेवटी बोलायला उठले. सगळ्यांना वाटलं खाटांबद्दल बोलतील.

"उद्यापासून," ते म्हणाले, "राउंड सुरू करताना प्रत्येक खाटेचा आलेख माझ्या हातात हवा. रेषा अडली तर कारण सापडेपर्यंत कुणीही कुणाला हलवायचं नाही. मीसुद्धा नाही." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "पोटावर हात ठेवणं मात्र मी सोडणार नाही हं मॅडम."

"सोडूच नका सर," ती म्हणाली. "मला फक्त आत काही आहे एवढंच कळतं. कुठे आहे ते शोधायला हातच लागतात."

"मग दोघांनी मिळून करू." आणि सगळ्या विभागासमोर त्या थोराड माणसाने तिच्यासाठी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. पाठोपाठ सिस्टर, पाठोपाठ सगळी खोली. ती लाजली, मग हसली, आणि मग तिने ठरवलं की लाजायचं काही कारण नाही. उभी राहून तिने त्या टाळ्या पोटभर घेतल्या.

ताई घरी आल्या त्या दुपारी इमारतीची लिफ्ट बंद होती. घर वरच्या मजल्यावर. नवऱ्याने खुर्ची आणायला शेजाऱ्यांना हाका मारायला सुरुवात केली.

"खुर्ची कुणाला?" ताई म्हणाल्या. "मी काय कपाट आहे उचलून न्यायला?"

"ताई, ऐक ना, निदान माझा हात धर."

"हात बाजूला घे. कठडा आहे."

त्या चढू लागल्या. अंगावरचे कपडे सैल झाले होते, पाय काटक्यांसारखे, पण पाऊल ठाम पडत होतं. जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबायच्या, कमरेवर हात ठेवून दम घ्यायच्या, मागे वळून दोघांना दटावायच्या, "घाई कसली आहे? चढावर पहिल्या गिअरमध्येच चालायचं असतं." शेजारपाजारची दारं उघडत गेली. कुणी कडेवर मूल घेऊन उभं, कुणाच्या हातात लाटणं. मधल्या मजल्यावर कुणीतरी टाळी वाजवली, आणि मग ती टाळी मजल्यामजल्याने त्यांच्या पुढे पुढे चढत गेली.

शेवटची पायरी आली. ताई ती चढल्या, वळल्या, घाम पुसला आणि जिन्याच्या पोकळीतून खालपर्यंत ऐकू जाईल अशा त्या जुन्या, दणदणीत आवाजात ओरडल्या, "आले रे!"

नवरा दोन पायऱ्या खाली उभा राहून हसत रडत होता. ज्योतिषीण त्याच्या मागे, हातात कपड्यांची पिशवी घेऊन, सगळ्यांत मोठ्याने हसत होती.